वीस सेकंदांची चाल

शिरूरला आठवडे बाजाराच्या दिवशी रिक्षा दिसण्याआधी तिचा भोंगा ऐकू येतो. साड्यांचा सेल, नवं हॉटेल, दहावीचे क्लास, ट्रॅक्टरवरची सूट. माल बदलतो, पद्धत तीच राहते. आधी गाजलेल्या एखाद्या गाण्याचा ठेका, मग भारदस्त आवाजात दुकानाचा पत्ता, मग पुन्हा तेच गाणं, या वेळी शब्द बदललेले. नायिकेच्या जागी दुकानाचं नाव बसलेलं असतं. दौंडला रेल्वे स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावरही हाच प्रकार. ऐकणाऱ्याला मजा येते, दुकान ध्यानात राहतं आणि रिक्षा पुढच्या चौकाकडे वळते.

अडचण येते ती धंदा वाढल्यावर. दुकानदाराला वाटतं, आता रेडिओवर जाहिरात द्यावी. रिक्षावर वाजणारी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून तो एजन्सीकडे जातो. तिथे पहिला प्रश्न येतो: हे गाणं कुणाचं, आणि परवानगीचा कागद कुठे आहे?

‘गावाचे आवाज’ असा विषय संपादकांनी दिला की भजन, तमाशा, बैलगाडा शर्यतीतलं समालोचन अशी यादी भराभर तयार होते. जाहिरातीचं संगीत त्या यादीत कुणी धरत नाही. पण तालुक्याच्या गावात दिवसभर पुन्हा पुन्हा कानावर पडतं ते हेच. ते कुणी रचलं, कुणी वाजवलं, कुणाच्या हातात किती पैसे पडले, याचा हिशेब मात्र जवळजवळ कुणीच ठेवत नाही. म्हणूनच या वीस सेकंदांचा माग काढायला हवा.

भोंगा आणि रेडिओ

शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्यावर. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्यामुळे इथल्या माणसाला पुणे आकाशवाणी जवळची, तशीच नगरचीही. दौंड भीमेकाठचं, मोठं रेल्वे जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे तळ, रेल्वेच्या वसाहती, कुरकुंभची औद्योगिक वसाहत यांमुळे दौंडच्या कानाला मराठीबरोबर हिंदीचीही सवय आहे. शिरूर तालुक्यात तेच काम रांजणगावच्या एमआयडीसीनं केलंय. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही रस्त्यांवर दिवसरात्र वाहनं धावतात आणि चालकांच्या हाताशी रेडिओ असतो.

शेजारच्या बारामतीत सामुदायिक रेडिओही आहे: कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आणि विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी. अशा केंद्रांना शंभर वॉटचं छोटं प्रक्षेपण करता येतं. आवाज आजूबाजूच्या गावांपुरता पोचतो. त्यांना जाहिरातीही घेता येतात. २०२४ च्या सुधारित धोरणानं ही मुभा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, शाळा अशा लहान जाहिरातदारांना रेडिओ परवडू शकतो तो अशा ठिकाणी.

भोंगा आणि रेडिओ यांना कायदा एकच आहे. गल्लीत वाजवलेलं गाणंही विनापरवाना असलं तर उल्लंघनच ठरतं. फरक पडतो तो हिशेबात. रिक्षा निघून गेली की मागे पुरावा राहत नाही. रेडिओवर मात्र कोणता स्पॉट किती वाजून किती मिनिटांनी लागला याची नोंद राहते, त्याचं बिल बनतं. शिवाय स्पॉटमधल्या आवाज-संगीताची जबाबदारी जाहिरातदाराची, अशी हमी केंद्रं सहसा लिहून घेतात. सही दुकानदाराची असते. ती करण्याआधी हमीचा मजकूर वाचणारे थोडे.

पुण्याचा मान

या धंद्याच्या इतिहासात पुण्याला मानाचं पान आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीनं प्रायोगिक तत्त्वावर जाहिराती स्वीकारायला सुरुवात केली, ती विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. महाराष्ट्रातल्या तीन शहरांनी देशात सर्वांआधी सरकारी रेडिओवर साबण आणि दंतमंजनाची गाणी ऐकली.

त्याआधीची कथाही एका पुणेकराशी जोडलेली आहे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेसंगीतानं अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगणं ही त्या चित्रपटाची जाहिरात होते, म्हणून नाव सांगायचं नाही, असा पवित्रा आकाशवाणीनं घेतला. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. सरकारी रेडिओवरून सिनेगीतं जवळजवळ गायब झाली. श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे. तिथे १९५२ च्या डिसेंबरपासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, एका टूथपेस्टच्या पैशावर. गाणं माणसं गोळा करतं आणि गोळा झालेल्या माणसांना माल विकता येतो, हे गणित तेव्हा सगळ्यांना कळलं. केसकरांच्याच काळात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू झाली, त्यामागे हे गणितही होतं.

जाहिराती सुरू झाल्यावर त्यांच्यासाठी खास संगीत करणारी पिढी उभी राहिली. मराठी माणसाला अशोक पत्की भावगीतांमुळे ठाऊक आहेत, पण त्यांनी जिंगल्सचंही प्रचंड काम केलं. साक्षरता मोहिमेचं दूरदर्शनवरचं गीत त्यांचंच. काही सेकंदांत सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली चाल बांधणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती या मंडळींनी मुंबईच्या स्टुडिओत घडवली. गावातल्या दुकानदारानं दुसऱ्याचं गाणं उचलण्याआधी ही विद्या जाणून घ्यावी, इतकी ती उपयोगाची आहे.

ऐकणारा कुठे बसलाय?

समजा, केडगावच्या एका गुऱ्हाळवाल्याला आपल्या गुळाची जाहिरात करायची आहे. हातात वीस सेकंद. मराठी निवांत वाचली तर सेकंदाला दोन-अडीच शब्द बसतात, म्हणजे जास्तीत जास्त पन्नास शब्द. त्यात मोबाइल नंबर सांगायचा म्हटलं तर चार-पाच सेकंद तिथेच गेले. दुकानाचं नाव दोनदा यायला हवं. म्हणजे संगीताला स्वतःसाठी मोकळे मिळतात सुरुवातीचे दोन-तीन आणि शेवटचे दोन-तीन सेकंद. मधला सगळा वेळ ते आवाजाखाली दबून वाजणार.

इथे पहिली चूक होते. दुकानदाराला आवडतं ते शब्दांचं गाणं, आणि त्यावर निवेदकाचे शब्द चढवले जातात. दोन माणसं एकाच वेळी बोलली तर एकाचंही ऐकू येत नाही. निवेदनाखाली चालतं ते बिनशब्दांचं वाजवणं, तेही आवाजाच्या पट्टीपासून दूर राहणारं. बासरी किंवा सनई निवेदिकेच्या सुरालाच येऊन भिडली तर शब्द पुसट होतात. तुणतुणं, टाळ, खंजिरी यांचे बारीक, तुटक नाद मधल्या फटींत सहज बसतात.

दुसरी चूक स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर भुलण्याची. तालुक्याच्या गावातला स्टुडिओ म्हणजे बहुतेकदा एक खोली, संगणक, माइक आणि भिंतींना लावलेले फोमचे किंवा अंड्यांचे ट्रे. अंड्यांच्या ट्रेनं बाहेरचा आवाज अडत नाही, आतला घुमारा थोडा कमी होतो, एवढंच. तिथे ढोलकीचा धुम छातीत घुमतो आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात जाहिरात ऐकली जाते चहाच्या टपरीवरच्या डब्यातून, ट्रॅक्टरच्या खरखरत्या स्पीकरवर, मोबाइलवर. लहान स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. धुमाचा घुमारा विरतो, शाईवरची कडक थाप तेवढी उरते. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधलं अंतरच नऊ किलोहर्ट्झचं. तिथे घुंगरांची वरची चमकही छाटली जाते. एफएमवर ती पोचते. म्हणून जाणता ध्वनिमुद्रक अखेरचं मिश्रण मुद्दाम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो आणि मगच फाइल देतो.

काय वाजवायचं नाही याचेही नियम आहेत. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेत श्रोत्याला दचकवणाऱ्या आवाजांना बंदी आहे: गोळीबार, सायरन, बॉम्बफेक, किंकाळ्या, कर्कश हसणं. नियमामागचा विचार सरळ आहे. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सायरन ऐकू आला तर तो आधी आरशात बघणार.

भाषेइतकाच ठेकाही श्रोत्याप्रमाणे बदलावा लागतो. न्हावऱ्याचा घोडगंगा किंवा पाटसचा भीमा साखर कारखाना यांच्या परिसरातल्या ऊस उत्पादकासाठी ठिबक सिंचनाची जाहिरात हलगीवर उभी राहील. रांजणगावच्या परप्रांतीय कामगारासाठी घरभाड्याची किंवा मोबाइलच्या दुकानाची जाहिरात त्याच हलगीवर त्याला परकी वाटेल.

एका गाण्याचे अनेक धनी

आता परवानगीकडे. गाण्याला सातबारा असता तर त्यावर एकापेक्षा जास्त नावं दिसली असती. शब्द हे एक काम, चाल हे दुसरं, आणि ते गाऊन-वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण हे तिसरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या तिन्हींवर स्वतंत्र हक्क आहेत. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं.

‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या चित्रपटातली होनाजीची भूपाळी घ्या. शब्द होनाजी बाळाच्या नावे ओळखले जाणारे, पेशवाईच्या उत्तरार्धातले. त्यांवर आज कुणाचा हक्क नाही. चित्रपटातल्या मूळ ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं २०१२ च्या सुमारास भरली. चाल मात्र वसंत देसाईंची. देसाई डिसेंबर १९७५ मध्ये गेले, म्हणजे चालीवरचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत जिवंत. दौंडच्या दूध डेअरीला पहाटेच्या जाहिरातीत ही भूपाळी हवी असेल तर शब्द मोकळे, जुनी तबकडी मोकळी, तरी चालीसाठी परवानगी लागणारच.

चित्रपटसंगीतात हे हक्क सहसा निर्मात्याकडून म्युझिक कंपनीकडे गेलेले असतात. एचएमव्हीच्या काळातली मोठी मिळकत आज सारेगामाकडे आहे. परवानगी मागताना ही कंपनी गाठायची आणि सांगायचं: कोणतं गाणं, किती सेकंद, कोणती केंद्रं, किती महिने, मूळ ध्वनिमुद्रण हवं की चाल नव्यानं वाजवून घेणार, आणि तीच जाहिरात मोबाइलवरही फिरवणार का. शेवटचा प्रश्न विसरला जातो. रेडिओपुरती घेतलेली परवानगी इन्स्टाग्रामवरच्या रीलला लागू होत नाही.

‘रेडिओवाले रोज गाणी लावतात, मग आमच्या जाहिरातीत का नाही?’ हा प्रश्न रास्त वाटतो. केंद्रं गाणी लावतात ती त्यासाठी पैसे भरून. खासगी एफएमनं किती भरायचं यावर वर्षानुवर्षं खटले चालले. २०१० साली कॉपीराइट मंडळानं निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर ध्वनिमुद्रणांसाठी ठरवून दिला. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३१ ड आणलं आणि प्रसारणासाठी ठरलेल्या दरानं गाणी वाजवायची वैधानिक वाट दिली. ही वाट गाणं कार्यक्रमात ऐकवण्यापुरती आहे. लांबी कमी करण्यापलीकडे आणि तांत्रिक गरजेपलीकडे त्यात बदल करायचा नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. एखाद्याच्या सोन्याच्या पेढीला ते गाणं जोडायचं असेल तर धन्याकडे वेगळं जायला हवं.

कवी-संगीतकारांसाठी त्याच दुरुस्तीनं आणखी एक मोठी गोष्ट केली. हक्क विकला तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा मानधनाचा समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निर्मात्यांचं पारडं जड झालं होतं. ते सावरायला पस्तीस वर्षं लागली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयानं एफएम कंपन्यांना सांगितलं की ध्वनिमुद्रणाच्या पैशांबरोबर कवी-संगीतकारांचे पैसेही द्यावे लागतील.

‘त्या चालीवर’

तालुक्यात सर्वाधिक ऐकू येणारा शब्द ‘चालीवर’. अमुक गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवायचे, यूट्यूबवरून कराओके ट्रॅक उतरवायचा, गावातल्या गायकाकडून गाऊन घ्यायचं. शब्द आपले, गायक आपला, मग अडलं कुठे? अडतं चालीवर. तीच चाल असली की संगीतकाराचं काम वापरलं गेलं. कराओके ट्रॅकही कुणीतरी ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्याचा धनी वेगळा. मूळ कलाकृतीची मोडतोड होऊन रचनाकाराच्या नावाला बट्टा लागला तर कलम ५७ खाली तो स्वतः दाद मागू शकतो, हक्क विकलेले असले तरी.

‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि पुढची काही वर्षं निवडणुकीपासून निरोप समारंभापर्यंत सगळं ‘झिंगाट’च्या चालीवर झालं. त्या चालींचे कर्ते अजय-अतुल यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव, मंचर आणि शिरूर अशा गावांत गेलं. पुणे जिल्ह्याच्या याच पट्ट्यात कान घडलेल्या दोन भावांनी चाली बांधल्या, लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केल्या. जिथे ते कान घडले, तिथल्याच बाजारात त्या चाली फुकटात फिरतात. शिरूरला आपल्या मातीचा अभिमान आहे, तर त्या अभिमानात या चालींची किंमतही धरायला हवी.

‘सात सेकंदांपर्यंत चालतं’, ‘तीस सेकंदांच्या आत कॉपीराइट लागत नाही’ ही समजूत स्टुडिओवाल्यांत पक्की आहे. कायद्यात असे सेकंद कुठेही नाहीत. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं इंडिया टीव्हीच्या प्रकरणात, ‘बंटी और बबली’तल्या गाण्याच्या काही शब्दांचा ग्राहक जागृतीच्या जाहिरातीतला वापर क्षुल्लक मानला होता. पण ज्या जाहिरातीचा सगळा डोलाराच गाजलेल्या मुखड्यावर उभा असतो, तिला या निकालाचा आधार मिळणं अवघड. मुखडा लोकांनी ओळखावा म्हणूनच तर तो घेतलेला असतो.

आणखी एक गोंधळ लग्नांमुळे होतो. वरातीत बँडवाल्यांनी सिनेगीतं वाजवली तर परवाना लागत नाही. कलम ५२ मध्ये तशी सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्रानं जाहीर सूचनेतून ती पुन्हा स्पष्ट केली. म्हणून बँड पार्टीला वाटतं, आपल्या रेडिओ-जाहिरातीतही तेच गाणं चालेल. वरात हा विवाहाचा भाग आहे, जाहिरात हा धंद्याचा. सूट पहिल्याला आहे.

चूक महाग पडू शकते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं.

जुनं आणि मोकळं

मग दुकानदारानं जावं कुठे? एक वाट जुन्याकडे जाते, पण तिथेही तारखा बघाव्या लागतात.

पठ्ठे बापूराव १९४० च्या दशकात गेले. रवींद्रनाथ ठाकूर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले होते. तेव्हा कायद्यात मुदत पन्नास वर्षांची होती. ठाकुरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून ती साठ करण्यात आली, डिसेंबर १९९१ पासून. बंगालच्या कवीसाठी झालेल्या या दुरुस्तीचा लाभ बापूरावांच्या लावणीलाही मिळाला आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना साठ वर्षांनी मोकळ्या झाल्या. आज त्या शब्दांवर नवी चाल बांधायला कुणाला विचारावं लागत नाही. मात्र एखाद्या संगीतकारानं चित्रपटासाठी बांधलेली चाल त्यावर चढवली तर पुन्हा परवानगीचा प्रश्न येतो.

रांजणगावच्या महागणपतीच्या वाटेवरच्या हॉटेलला आरती हवी असेल तर समर्थ रामदासांचे शब्द मोकळे आहेत. कॅसेट कंपनीनं काढलेली तयार आरती मोकळी असेलच असं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीसाठी नाताळची जाहिरात करायची तर १९१९ मध्ये वारलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांवरचा हक्क केव्हाच संपलाय. उलट, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशासाठी आणि लोकजागृतीसाठी लिहिलेली गाणी पंचक्रोशीला तोंडपाठ असली तरी लोकगीतं नव्हेत. राज्य सरकारच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराचे मानकरी असलेले कवठेकर २०२१ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवर २०८१ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा, किंवा ज्यांना त्यांनी हक्क दिले असतील त्यांचा, अधिकार आहे. सगळ्यांच्या ओठांवर असणं म्हणजे बेवारस असणं, असा समज गावात आहे आणि त्यानं गावच्याच कवीचं नुकसान होतं.

जगातही जाणते जाहिरातदार जुन्याकडे वळलेत. टायटन घड्याळाची धून मोत्झार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली. मोत्झार्ट १७९१ मध्ये गेला. नोकियाची रिंगटोन स्पॅनिश गिटारवादक तारेगाच्या १९०२ च्या रचनेतली. चाल मोकळी होती, वाजवून घेण्याचा खर्च त्यांनी केला. ‘नो कॉपीराइट’ म्हणून इंटरनेटवर मिळणारं संगीत मात्र वाटतं तितकं मोकळं नसतं. कुणी धंद्यासाठी वापरायला मनाई केलेली असते, कुणी फक्त व्हिडिओसाठी मुभा दिलेली असते. अटी वाचून, त्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवली तरच ते सुरक्षित.

आवाजाची नक्कल

तमाशाच्या फडात आणि गावच्या वाद्यवृंदात नकलाकाराला मान असतो. म्हणून जाहिरातीत प्रसिद्ध गायकाच्या आवाजाची नक्कल करून घ्यावी, ही कल्पना इथे नेहमी निघते. अमेरिकेतलं टॉम वेट्सचं प्रकरण रेडिओचंच होतं. जाहिरातीत गायचं नाही असा त्याचा पण होता. वेफर्सच्या कंपनीनं त्याच्यासारखा घोगरा आवाज काढणारा गायक आणून रेडिओ-जाहिरात केली. वेट्स कोर्टात गेला आणि सुमारे पंचवीस लाख डॉलर मिळवले. १९९२ मध्ये अपिलातही निकाल मुख्यतः टिकला.

आता नक्कल यंत्र करतं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाचे कृत्रिम अवतार बनवणाऱ्यांना अंतरिम आदेशानं रोखलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयानं असं संरक्षण दिलं. मोबाइलवरचं एखादं ॲप पाच मिनिटांत आशाताईंच्या आवाजात मिठाईची जाहिरात गाऊन देतं, म्हणून ती रेडिओवर लावता येत नाही.

चौफुल्याची ढोलकी

शिरूरहून न्हावरे, केडगाव करत येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो ते ठिकाण चौफुला. दोन तालुक्यांना जोडणाऱ्या या नाक्यावर लावणीची कला केंद्रं आहेत. तिथे संगीतबारी चालते: पेटी, तबला, ढोलकी आणि समोर बसून गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतीण. तिकडे कवठे येमाईनं तमाशाला कवी आणि कलावंत दिले. वाघ्या-मुरळी, भजनी मंडळं, हलगीवाले गावोगावी आहेत. म्हणजे वीस सेकंदांचं नवं, स्वतःचं संगीत करायला लागणारी माणसं अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. मुंबईच्या कंपनीची परवानगी मिळवण्यापेक्षा त्यांच्याकडून करून घेणं सोपं, आणि जाहिरातही फक्त त्या दुकानाचीच वाटेल.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पारंपरिक लावणीची चाल कुणाची नाही, म्हणून बारीत बसून मोबाइलवर ती टिपायची आणि जाहिरातीला लावायची, हे चालत नाही. गाणारीचा आणि वाजवणाऱ्याचा त्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क आहे. कलम ३८ नुसार तो पन्नास वर्षं टिकतो आणि संमतीशिवाय केलेलं ध्वनिमुद्रण त्याचा भंग ठरतं. २०१२ नंतर व्यापारी वापरातल्या मानधनावरही कलावंताचा दावा आहे. दौलतजादा त्या रात्रीच्या गाण्याचा असतो. रेडिओवर वर्षभर वाजणाऱ्या ढोलकीचे पैसे वेगळे द्यायला हवेत. ज्या कलेवर दोन्ही तालुक्यांनी रात्री जागवल्या, तिच्या कलावंतांना धंद्याच्या नफ्यातून हक्काचा पैसा मिळण्याची ही सरळ वाट आहे. ती वापरात यायलाच हवी.

एका पानाचा कागद

पैसे दिले म्हणजे जिंगल आपली झाली, असं दुकानदार धरून चालतो. कायदा तसं मानत नाही. लग्नाचे फोटो पैसे देऊन काढून घेतले तर वेगळा करार नसताना हक्क सांगणाऱ्याकडे येतो, पण चालीला हा नियम लागू नाही. लिहून दिलं नाही तोवर चाल संगीतकाराची राहते. राम संपत यांनी मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेली धून २००८ साली ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या गाण्यांत दिसली, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं प्रथमदर्शनी त्यांची बाजू मानली आणि प्रदर्शनाच्या तोंडावर निर्मात्यांनी दोन कोटी रुपयांना तडजोड केली, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. जाहिरातीतल्या काही सेकंदांची ही किंमत होती.

म्हणून कागद हवा, एका पानाचा का होईना. त्यावर चालीचं वर्णन किंवा फाइलचं नाव, कवी-संगीतकाराची आणि प्रत्येक वादक-गायकाची सही, वापर रेडिओपुरता की भोंगा आणि मोबाइलसाठीही, कोणत्या भागात, किती काळ, किती पैसे आणि मुदत वाढवायची तर किती, हे सगळं मराठीत लिहावं. चाल स्वतः रचली आहे, कुठून उचललेली नाही, असं संगीतकाराकडून लिहून घ्यावं. एजन्सीला मूळ कागदाची प्रत द्यावी, मूळ कागद स्वतःकडे ठेवावा.

काही रकाने कोरे राहिले तर ते कायदा भरतो. भाग लिहिला नसेल तर संपूर्ण भारत धरला जातो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं. गुऱ्हाळवाल्याची जिंगल पंचक्रोशीच्या तोंडी बसली आणि सहाव्या दिवाळीलाही त्याला तीच लावायची असेल, तर त्याला पुन्हा चौफुल्याला जाऊन त्याच ढोलकीवाल्याशी नवा दर ठरवावा लागेल, आणि तोवर त्या ढोलकीवाल्यालाही आपल्या थापेचा भाव ठाऊक झालेला असेल.